नव्या शेजाऱ्यांसाठी : उल्हासकाठच्या आणि डोंगराकडच्या वाटा

गिरगाव, परळ, भांडुप सोडून बदलापूर-अंबरनाथच्या नव्या संकुलांत राहायला येणारी कुटुंबं दरवर्षी वाढत आहेत. पहिले काही महिने लोकलच्या वेळा, टँकर आणि शाळाप्रवेश यांतच जातात. मग एखाद्या रविवारी गॅलरीतून मलंगगड-चंदेरीची रांग दिसते आणि मुलं विचारतात, तिथे कसं जायचं? त्या प्रश्नासाठी इथल्या जुन्या रहिवाशांकडून हे लेखन मागवलं. ज्यांनी जेवढं लिहून दिलं तेवढं छापलं आहे, कुणाची भाषा बदललेली नाही. मलंगगडावर कुणी लिहिलं नाही. रानभाज्यांवर मात्र भरभरून आलं.

वाटा (निवृत्त रेल्वे कर्मचारी, कात्रप)

सुरुवात मुळगावच्या खंडोबापासून करावी. बदलापूर पश्चिमेहून बारवीच्या रस्त्याला लागायचं, उल्हासवरचा पूल ओलांडायचा, बदलापूर गाव मागे टाकून मुळगाव गाठायचं. पायऱ्या चढून वर गेलं की नदीची वळणं आणि अख्खं शहर एका नजरेत येतं. आजी-आजोबा आणि लहान मुलं दोघांनाही झेपेल अशी वाट आहे. पहाटे निघावं. फाल्गुन उलटला की नवाच्या आत खाली यावं, इथलं ऊन मुंबईसारखं नाही.

कोंडेश्वर बदलापूर पूर्वेला, भोज धरणाच्या बाजूला आहे. महादेवाचं जुनं देऊळ आणि शेजारी धबधब्याचं कुंड. दर्शन घ्यावं, ओढ्याच्या कडेने झाडीत फिरावं. कुंडात उतरू नये. पोहता येणारेही तिथे बुडाले आहेत, कारण तळ सपाट नाही, कपारी आहेत आणि वरून येणारं पाणी माणसाला खाली दाबतं. पावसाळ्यात प्रशासन इथे आणि इतर धबधब्यांवर बंदी लावतं. घरातून निघण्याआधी त्या वर्षीचा आदेश बघावा.

चंदेरीसाठी वांगणीला उतरायचं, गोरेगावमार्गे पायथ्याच्या चिंचवलीत जायचं. चढ दमवणारा आहे, अर्धा दिवस धरावा. गडाच्या कातळात गुहा आहे, तिच्याजवळ पाण्याचं टाकं. नवख्यांनी तिथूनच परतावं. पुढे घसारा आहे आणि सुळक्याला दोर, साहित्य व जाणता माणूस लागतो. पावसात वाटेवर शेवाळ असतं, धुक्यात वाट चुकते. तेव्हा चिंचवलीतला वाटाड्या घ्यावा आणि त्याची मजुरी आधी ठरवून पूर्ण द्यावी. कर्जत बाजूच्या गाड्या कमी असतात, म्हणून परतीची वेळ जातानाच बघून ठेवावी.

बारवी धरण एमआयडीसीचं आहे. दरवाजे स्वयंचलित आहेत, पातळी ७२.६० मीटरला गेली की पाणी आपोआप सुटतं. त्यासाठी कुणी शिट्टी वाजवायला उभं नसतं. धरणाखालच्या पात्रात श्रावणात सहल काढू नये, इतकंच.

अंबरनाथचं शिवमंदिर पायवाटांच्या यादीत बसत नाही, तरी लिहितो. शके ९८२चा, म्हणजे इ.स. १०६०चा शिलालेख आहे, बांधकाम शिलाहारांचं. गाभाऱ्यात पायऱ्या उतरून जावं लागतं. महाशिवरात्रीला जत्रा असते, शिल्पं निवांत बघायची असतील तर त्या दिवशी जाऊ नये.

परवानगी (शिक्षिका, बदलापूर पश्चिम)

मला वाटांबद्दल लिहायचं नाही, मला कागदाबद्दल लिहायचं आहे. आमच्या इमारतीतल्या मुलांना हिवाळ्यात एका जलाशयाच्या काठाने पक्षी दाखवायला न्यायचं ठरलं. खंड्या, वंचक, धोबी, वेडा राघू, यापलीकडे मोठी अपेक्षा नव्हती. मुलं जास्त होती म्हणून मीच म्हटलं, रीतसर परवानगी घेऊ. एका कार्यालयात गेले, तिथे सांगितलं जमीन दुसऱ्या खात्याची. दुसऱ्या खात्यात सांगितलं, जमीन आमची पण पाणी त्यांचं. तिसऱ्या ठिकाणी साहेब दौऱ्यावर. परत गेले तर अर्जावर मुलांची नावं हवीत, मग पालकांच्या सह्या हव्यात, मग म्हणे अर्ज शाळेच्या कागदावर हवा. आम्ही शाळा म्हणून जातच नव्हतो! शाळेतून रजा घेऊन मी त्या बाकांवर बसत होते आणि समोरचा माणूस मान वर करून बोलायलाही तयार नव्हता. पत्र मिळालं तेव्हा आम्ही मागितलेली तारीख उलटून गेली होती. मुलांनी केलेले पक्ष्यांचे तक्ते घरीच राहिले. मला त्याचा अजून राग येतो, कारण त्याच काठावर दर शनिवारी रात्री गाड्या लावून दारू पिणाऱ्यांना कुणी कागद विचारत नाही.

तुम्हाला हा त्रास होऊ नये म्हणून सांगते. आधी गावच्या तलाठ्याकडे किंवा सरपंचांकडे जागा कुणाच्या ताब्यात आहे ते विचारा. वनहद्द असेल तर वनरक्षकाला प्रत्यक्ष भेटा. तो जागेवरचा माणूस, त्याला वाट आणि धोका दोन्ही माहीत असतात. अर्जाच्या दोन प्रती करा, एकीवर पोच आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. तारीख एक लिहू नका, लागोपाठचे चार रविवार लिहा. घरचीच चार माणसं असाल तर सकाळी जाऊन दुपारच्या आत परत या, वनरक्षकाच्या कानावर घालून ठेवा.

वालधुनी आणि खालची उल्हास (मराठा सेक्शन, उल्हासनगर ४)

आमच्याकडे नदीकाठ म्हटलं की लोक नाक धरतात, आणि वालधुनीबाबत ते खरंच आहे. अंबरनाथजवळच्या डोंगरात उगम पावते तेव्हा स्वच्छ असते. काकोळ्याला जुन्या जीआयपी रेल्वेने तिच्यावर तलाव बांधला, तिथपर्यंत तिला नदी म्हणावं. खाली कारखान्यांचं आणि गटारांचं पाणी मिळतं. २०१४ साली नोव्हेंबरअखेरीला तिच्यात सोडलेल्या रसायनामुळे उल्हासनगरात शेकडो लोकांना श्वासाचा त्रास होऊन रुग्णालयात न्यावं लागलं होतं. शहरातल्या वालधुनीच्या काठाने मुलांना चालवू नका.

फिरायचं तर कल्याण-मुरबाड रस्त्याने म्हारळ, वरप, कांबा, रायते या बाजूला जा. तिथे उल्हास रुंद होते, काठाला भाजीचे मळे आहेत. उन्हाळ्याकडे जलपर्णी पात्रभर पसरते आणि हिरवं कुरण असल्यासारखी दिसते. खाली खोल पाणी असतं. मुलांचा चेंडू त्यावर गेला तर गेला. मळ्यातून वाट काढताना मालकाला हाक मारून विचारा, बांधावरूनच चाला.

रानभाज्या आणि आपलं घर (गृहिणी, कुळगाव)

नव्या लोकांना वाटेवर हिरवं दिसतं, त्यापलीकडे काही दिसत नाही याचं मला वाईट वाटतं. मृगाच्या आगेमागे स्टेशनबाहेर ठाकूर आणि कातकरी वाड्यांवरच्या बायका टोपल्या घेऊन बसतात. पहिली शेवळं येतात. सोबत काकडं असतील तरच घ्या. शेवळाला खाज असते, ती काकडाच्या आंबट रसाने जाते. वरचं पिवळं काढून टाकायचं, बारीक चिरायचं, तेलावर चांगलं परतायचं, मग वाल किंवा कोलंबी घालायची. त्यानंतर टाकळा, कुलू, भारंगी. आषाढ-श्रावणात कर्टोली. जांभळं त्याआधीची, वैशाख-ज्येष्ठातली. बदलापूरच्या जांभळाला आता भौगोलिक मानांकन आहे, पण झाडं राहिली पाहिजेत ना? जिथे जांभळीची रांग होती तिथे आज पार्किंग आहे.

रानातून स्वतः भाजी उपटून आणू नका. सारख्या दिसणाऱ्या दोन पानांतलं एक विषारी असू शकतं, आणि ती भाजी त्या बायकांची रोजी आहे. पहाटे डोंगर उतरून आलेल्या मावशीशी पाच रुपयांवरून घासाघीस करणं आपल्याला शोभत नाही. तिच्याशी बोला. कुठल्या वाडीची, भाजी कशी करते, विचारा. मी निम्मा स्वयंपाक त्यांच्याकडून शिकले.

मुलांना ऐन, साग, पळस, कुडा, काटेसावर ही नावं आलीच पाहिजेत. आपण शिकवलं नाही तर कुठला क्लास शिकवणार? चंपाषष्ठीला खंडोबाला चालत जा, भरीत-रोडगा बरोबर घ्या, मुलांच्या कपाळाला भंडारा लावा. देवळाला जाणारी वाट पायाखालची असेल तर मूल कुठेही गेलं तरी इथलंच राहतं, असं मी मानते. आणि निर्माल्य पिशवीसकट नदीत टाकू नका. नदीला आई म्हणायचं आणि तिच्या तोंडात प्लॅस्टिक कोंबायचं, ही कसली भक्ती?

पूर आला तर (हेंद्रेपाडा)

थोडंच लिहितो. २६ जुलै २००५ला आमच्या भागात पाणी होतं. २७ जुलै २०१९ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली, हजाराहून अधिक प्रवासी बाहेर काढले, त्या दिवशीही होतं. बदलापूरला उल्हासची इशारा पातळी १६.५० मीटर, धोक्याची १७.५०. इशारा पातळी ओलांडली की चौपाटीवर, पुलावर, बॅरेजवर फोटो काढायला येऊ नका. आम्हाला सामान आणि माणसं हलवायची असतात, तुमच्या गाड्यांनी रस्ता अडतो. आपल्याकडे पाऊस थांबला म्हणून नदी उतरत नाही. कर्जत-खंडाळ्याकडे पडलेलं पाणी नंतर पोचतं. कुणी अडकलेलं दिसलं तर ११२ लावा, स्वतः उडी घेऊ नका. पाणी ओसरल्यावर काठाची वाट आठवडाभर टाळा. गाळात काचा आणि तारा असतात, कडा आतून पोखरलेल्या असतात. पहिल्या वेळी जाल तेव्हा चपला नकोत, बूट घाला, हातात काठी ठेवा आणि पाय टाकण्याआधी जमीन टोचून बघा.