शिफारशीच्या अटी : मुंबईत पाहुण्याला काय खायला सुचवावे

मुंबईत येणाऱ्या पाहुण्याला ‘अमुक ठिकाणी जेवल्याशिवाय परत जाऊ नका’ असे सांगण्याची हौस येथील बहुतेक रहिवाशांना असते. मात्र अशा सूचनांवर विसंबून गेलेले पाहुणे नाराज होऊन परतले की त्याचे खापर उपाहारगृहावर फुटते, जरी पुष्कळदा उणीव शिफारशीतच राहिलेली असते. ठिकाणाचे नाव सांगितले जाते, परंतु तेथे कोणत्या ऋतूत, कोणत्या वेळी आणि कोणत्या चवीच्या माणसाने जावे, हे सांगायचे राहून जाते.

याचा सर्वांत ठळक प्रत्यय मासळीच्या बाबतीत येतो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या मासेमारीला साधारणपणे १ जून ते ३१ जुलै या काळात बंदी असते, कारण हा अनेक जातींच्या माशांचा प्रजननकाळ असतो आणि समुद्रही खवळलेला असतो. त्यामुळे या दिवसांत मालवणी खानावळीत, म्हणजे ठरावीक ताट वाढणाऱ्या घरगुती धाटणीच्या भोजनगृहात, गेलेल्या पाहुण्याच्या पानात बर्फात साठवलेली मासळी पडण्याचा संभव वाढतो. पुढे श्रावणात अनेक घरांतून सामिष वर्ज्य असल्याने गिऱ्हाईक रोडावते आणि काही खानावळींतील पदार्थही मोजके होतात. मासळी खिलवायचीच असेल, तर नारळी पौर्णिमा उलटून हंगाम स्थिरावल्यानंतरचा काळ सुचवणे श्रेयस्कर ठरते.

ऋतू साधला तरी पदार्थ कसा खावा हे सांगावे लागते. ताज्या बोंबलात पाण्याचा अंश फार असतो, म्हणून तो चिरून, मधला काटा काढून, वजनाखाली दाबून त्याचे पाणी निथळू देतात. नंतर मीठ, हळद, तिखट आणि आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, लावून तो रव्यात किंवा तांदळाच्या पिठात घोळवून तळतात. अशा बोंबलाचे कुरकुरीत कवच तव्यावरून उतरल्यावर थोड्याच वेळात मऊ पडते, त्यामुळे पार्सल मागवून हॉटेलच्या खोलीत खाणाऱ्याला त्याची कीर्ती अतिशयोक्त वाटली, तर नवल नाही.

वेळेचे भान इराणी उपाहारगृहांच्या संदर्भात विशेष लागते. इराणातून आलेल्या झरथुष्ट्री स्थलांतरितांनी चालवलेल्या या ठिकाणांपैकी धोबीतलावचे कयानी १९०४चे आणि बॅलार्ड इस्टेटचे ब्रिटानिया १९२३चे आहे. परंतु दोन्हींची ख्याती वेगवेगळ्या प्रहरांशी निगडित आहे. कडक कवचाच्या पावाला भरपूर लोणी लावलेला ब्रून मस्का आणि चहा ही सकाळची चैन आहे, तर झरेश्क नावाची आंबट इराणी फळे घातलेला बेरी पुलाव हे दुपारचे जेवण आहे. शिवाय फोर्ट परिसर कचेऱ्यांच्या वेळापत्रकावर चालत असल्याने रविवारी तेथील अनेक दारे बंद आढळतात. माटुंग्याच्या उडुपी भोजनगृहांत, उदाहरणार्थ १९४२ पासूनच्या रामा नायक यांच्या श्रीकृष्ण बोर्डिंगमध्ये, पंगतीच्या गर्दीची तयारी ठेवूनच जावे लागते.

तिसरी अट खाणाऱ्याच्या जिभेची होय. दादरच्या आस्वाद उपाहारगृहाच्या मिसळीला २०१५ मध्ये लंडनमध्ये सर्वोत्कृष्ट शाकाहारी पदार्थाचा मान मिळाला, तेव्हापासून ती पाहुण्यांच्या यादीत हमखास असते. तथापि मुंबईची मिसळ तुलनेने सौम्य असते, आणि झणझणीत कटाची, म्हणजे तिखट तर्रीदार रश्श्याची, सवय असलेल्या कोल्हापूरकराला ती मिळमिळीत वाटू शकते. याउलट तिखटाची सवय नसलेल्या परदेशस्थ पाहुण्याला तीच सोसवते. कांदा-लसूण वर्ज्य असणाऱ्यांना किंवा कोळंबीची ॲलर्जी असणाऱ्यांना आधी विचारणे आवश्यक आहे, कारण सुका जवळा, म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी, भाजीतही घातला जातो. पापलेट, सुरमई यांचे दर आकारानुसार व रोजच्या आवकेनुसार बदलत असल्याने ऑर्डर देण्यापूर्वीच भाव विचारण्याची सूचना द्यावी. बिलावरची बहुतेक कटुता तेवढ्याने टळते.

शेवटची अट शिफारशीच्या वयाची आहे. गिरणगावातील खानावळी कोकणातून व घाटावरून आलेल्या एकट्या कामगारांच्या आधाराने वाढल्या, त्या चालवणाऱ्या स्त्रियांची अन्नपूर्णा महिला मंडळ ही संघटना १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने उभी राहिली, आणि १९८२च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्यांबरोबर तो ग्राहकवर्गही ओसरला. जिथे वस्तीच बदलली, तिथे नाव टिकले म्हणून चवही टिकली असेलच असे नाही; स्वयंपाकी बदलला तरी पाटी तीच राहते. म्हणून परदेशी स्थायिक झालेल्या मराठी माणसाने लहानपणीच्या आठवणीवरून दिलेली सूचना आणि गेल्या महिन्यात जेवून आलेल्याने दिलेली सूचना यांना सारखे वजन देता येत नाही.

सारांश, शिफारस करताना पदार्थ, ठिकाण, वार आणि वेळ, अंदाजे खर्च, आणि आपण तेथे शेवटचे केव्हा जेवलो, एवढे तरी सांगावे. यांपैकी शेवटची गोष्ट सांगता येत नसेल, तर उपाहारगृहाचे नाव न घेता केवळ पदार्थ आणि भाग सुचवावा, आणि दुकान निवडण्याचे काम त्या भागात रोज जेवणाऱ्यांना विचारून पाहुण्यानेच करावे.