सायकलवरून द्राक्षखोऱ्यात : प्रवासलेखनातील निरीक्षण

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला,
१. प्रवासाचे साधन आणि प्रवासलेखन यांचा संबंध स्पष्ट करता येईल.
२. डोंगराळ द्राक्षप्रदेशातील भूरूप, हवामान आणि शेतीकाम यांची नेमकी निरीक्षणे नोंदवता येतील.
३. ठोकळेबाज वर्णन आणि अनुभवनिष्ठ वर्णन यांतील फरक ओळखता येईल.

प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, प्रवासवर्णनाचा विचार करताना आपण लेखक कोठे गेला, हे पाहतो. तो कशाने गेला, याकडे मात्र फारसे लक्ष देत नाही. विष्णुभट गोडसे १८५७ साली वरसईहून उत्तर हिंदुस्थानात गेले, तो प्रवास बराचसा पायी झाला. ‘माझा प्रवास’मध्ये वाटेवरची माणसे आणि मुक्काम यांना जे स्थान मिळाले आहे, त्याचा त्या चालण्याशी निकटचा संबंध आहे. साधन बदलले की वेग बदलतो आणि वेग बदलला की काय दिसते तेही बदलते. प्रस्तुत घटकात आपण सायकल हे साधन आणि नाशिक ते दिंडोरी-वणी हा द्राक्षप्रदेश उदाहरणादाखल घेऊन या संबंधाचा विचार करणार आहोत.

१. वेग आणि दृष्टी

नाशिकहून म्हसरूळमार्गे दिंडोरी आणि तेथून वणी हे अंतर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरांचे आहे. मोटारीने ते तासाभरात संपते. सामान्य सायकलस्वार ताशी पंधरा किलोमीटरांच्या आसपास वेग राखतो. चढावर तो सात-आठवर येतो. म्हणजे हाच रस्ता त्याला सुमारे तीन तास पुरतो. मोटारीतून द्राक्षबाग हिरव्या पट्ट्यासारखी दिसते. सायकलवरून तिच्यातील ओळी मोजता येतात, फवारणीच्या औषधाचा वास येतो, मांडवाखाली चाललेले बोलणे कानावर पडते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. हळू गेल्याने अधिक दिसते, हे खरे. परंतु अधिक दिसणे म्हणजे समजणे नव्हे. दिसलेल्या गोष्टीचे कारण समजून घ्यायचे, तर सायकलवरून उतरावे लागते आणि विचारावे लागते.

२. चढ : शरीराने वाचलेला भूगोल

नाशिक शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. उत्तरेला सातमाळा रांग आणि पश्चिमेला सह्याद्रीची मुख्य धार, यांच्या कुशीत दिंडोरी तालुक्याचा उंचसखल प्रदेश वसला आहे. नकाशावर सपाट वाटणारा रस्ताही येथे ओढ्याकडे उतरतो आणि पलीकडे पुन्हा चढतो. शंभर मीटर अंतरात पाच मीटर उंची वाढली, तर तो पाच टक्क्यांचा चढ होय. वाचताना हा आकडा क्षुल्लक वाटतो. पेडल मारताना मात्र त्याचा अर्थ मांड्यांना कळतो.

चढउतारांमुळे आणखी एक गोष्ट कळते. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे ओढ्याकडे उतरताना गारठा एकदम वाढतो. चढ चढून माळावर आले की हवा किंचित उबदार लागते. थंड हवा जड असते. निरभ्र, निवांत रात्री ती उतारावरून घसरून सखल भागात साचते. सायकलस्वाराच्या बोटांना जे जाणवते, त्याच्याशी बागाईतदाराचा वर्षाचा हिशेब बांधलेला असतो. कडाक्याच्या थंडीत द्राक्षघडांची वाढ मंदावते आणि पक्वतेकडे आलेल्या मण्यांना तडे जाण्याची भीती असते. म्हणून शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात. हा धूर रस्त्यावरून दिसतो. त्याचे कारण ज्याला ठाऊक नाही, तो त्याला धुके समजून पुढे जातो.

३. मांडव आणि तार

या रस्त्यावर द्राक्षबागा एकसारख्या दिसत नाहीत. खाण्याच्या द्राक्षांच्या अनेक बागा मांडवावर असतात. माणूस खालून चालू शकेल एवढ्या उंचीवर तारांचे छत असते आणि घड त्याखाली लोंबतात. वाइनच्या द्राक्षांच्या बागा बहुधा उभ्या तारांवर, कुंपणासारख्या ओळींत वाढवलेल्या असतात. थॉमसन सीडलेससारख्या खाण्याच्या वाणात मोठा, बिनबियांचा, पातळ सालीचा मणी हवा असतो. शिराझ किंवा काबर्ने सोव्हिन्यो या वाइनच्या वाणांचे मणी लहान, बियांचे आणि जाड सालीचे असतात. तांबड्या वाइनला रंग सालीतूनच मिळतो. गंगापूर-सावरगाव परिसरात १९९० च्या दशकाच्या अखेरीस वाइन उद्योगाने मूळ धरले आणि २००१ साली राज्य शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगासाठी धोरण जाहीर केले. त्यानंतर अशा बागा या भागात वाढल्या.

फ्रान्स-इटलीसारख्या थंड हिवाळ्याच्या देशांत वेल हिवाळ्यात पाने गाळून सुप्त राहते. वसंतात तिला पालवी फुटते आणि शरदात काढणी होते. आपल्याकडे हिवाळा तेवढा कडक नसल्याने वेलीला पूर्ण झोप मिळत नाही. म्हणून वर्षातून दोन छाटण्या कराव्या लागतात : एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, जिच्यामुळे फळ देणारी काडी तयार होते, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, जिच्यानंतर घड निघतात. वाइनच्या द्राक्षांची काढणी साधारणपणे जानेवारी ते मार्च या काळात होते. दिवसा ऊन आणि रात्री गारवा असल्याने द्राक्षात साखर वाढत असतानाही आंबटपणा टिकून राहतो. तेव्हा ‘बाग पाहिली’ असे लिहिण्यापूर्वी ती कोणत्या महिन्यात पाहिली, हे सांगणे लेखकाचे कर्तव्य ठरते.

४. सौंदर्य आणि श्रम

द्राक्षखोरे सुंदर आहे, हे लिहिण्यात चूक नाही. चूक होते ती तेथेच थांबण्यात. छाटणी, विरळणी, काढणी ही कामे हातांनी होतात आणि त्यांसाठी पेठ, सुरगाणा, हरसूल या भागांतून आदिवासी मजूर येतात. मांडवाखाली दिवसभर मान वर करून काम करणाऱ्या मजुराचे दुखणे मोटारीतून दिसत नाही. बागाईतदाराचे दुखणे निराळे आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने राज्यातील अनेक जिल्ह्यांत पिके झोडपली, त्यांत नाशिकच्या द्राक्षबागाही होत्या. वर्षभराचा खर्च झालेला, घड तयार झालेले आणि काही मिनिटांत सारे जमिनीवर. ही आठवण ज्या प्रदेशात ताजी आहे, तेथे आभाळ भरून आल्याचे वर्णन केवळ रम्य असू शकत नाही.

लेखकाने आचाराचे काही नियमही पाळावेत. परवानगीशिवाय बागेत शिरू नये. घड तोडू नये. त्यावर नुकतीच फवारणी झालेली असू शकते. मजुरांची छायाचित्रे विचारूनच घ्यावीत. वाइनची चव घेतल्यास त्यानंतर सायकल चालवू नये.

५. दोन नमुने

अभ्यासासाठी रचलेले पुढील दोन उतारे लक्षपूर्वक वाचा.

उतारा अ : रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे पसरले होते. निसर्गाने जणू हिरवा गालिचा अंथरला होता. धुक्याची दुलई पांघरून बागा शांत झोपल्या होत्या. मन प्रसन्न झाले.

उतारा ब : ओढ्याकडे उतरताना बोटे इतकी बधिर झाली, की ब्रेक दाबला गेला की नाही हे कळेना. पुलाअलीकडच्या मांडवाखालून धूर येत होता. शेकोटी सारखी करणाऱ्या बाईंना विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “दोन वाजल्यापासून जागेच आहोत. मणी तडकले, तर वर्षाचं गेलं.” पुढच्या चढावर माझ्या बोटांत ऊब परतली. त्या बाई मात्र त्याच खोलगट जागी होत्या.

पहिल्या उताऱ्यातील प्रत्येक प्रतिमा कोणत्याही प्रदेशाला लावता येईल. शिवाय ‘बागा झोपल्या होत्या’ हे विधान वस्तुस्थितीच्या विरुद्ध आहे. बागेत माणसे जागी होती. दुसऱ्या उताऱ्यात अलंकार नाही. लेखकाच्या शरीराला जाणवलेला गारठा आणि बाईंची चिंता यांचे कारण एकच आहे, ते वाचकाला कळते. त्याचबरोबर दोघांतील अंतरही कळते : प्रवासी चढ चढून थंडीबाहेर जातो, शेतकऱ्याला जाता येत नाही.

सारांश

सायकलचा मंद वेग लेखकाला तपशील देतो, चढउतार भूरूपाचे आणि हवेचे ज्ञान देतात. मात्र या तपशिलांना अर्थ येतो तो तेथील कामाची आणि जोखमीची माहिती करून घेतल्यावर. आपण येथून निघून जाणार आहोत आणि समोरचा माणूस येथेच राहणार आहे, याचे भान प्रवासलेखकाने कधीही सोडू नये.

स्वाध्याय

१. ‘अधिक दिसणे म्हणजे समजणे नव्हे’ हे विधान घटकातील उदाहरणांच्या आधारे स्पष्ट करा.
२. खाण्याच्या आणि वाइनच्या द्राक्षांच्या बागांतील फरक सांगून, प्रवासलेखकाला तो ठाऊक असणे का आवश्यक आहे ते लिहा.
३. क्षेत्रीय कार्य : तुमच्या गावाजवळील पाच किलोमीटरांचा रस्ता सायकलने किंवा पायी पार करा. वाटेत काम करणाऱ्या एका व्यक्तीशी, तिची संमती घेऊन, संवाद साधा आणि ‘उतारा ब’च्या धर्तीवर दीडशे शब्दांत लेखन करा.