दाराआडची सुटका आणि बाबा पदमनजी

मंडळाच्या या वेळच्या अभ्यासासाठी माझ्या वाट्याला ‘मुक्ती’ हा शब्द आला. मी निपाणीची. आमच्या घरात ‘मुक्ती’पेक्षा ‘तारण’ जास्त ऐकू यायचं, आणि तेही दोन्हीकडून. चर्चमध्ये तारण म्हणजे ख्रिस्ताने केलेली सुटका, आणि बाजारात पतसंस्थेच्या पाटीवर ‘सोने तारण कर्ज’. लहानपणी मला ही दोन्ही तारणं एकच वाटायची. आज्जी तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. तिच्या बोरमाळेचं विचारलं की म्हणायची, “तारण ठिवलीया म्हंजे गेली न्हाई गं, सोडवून आणायची राहिलीया.”

हा शब्द मराठी ख्रिस्ती लोकांनी नव्याने घडवलेला नाही. भवसागरातून तारून नेणारा देव संतांच्या अभंगात आधीपासून होता. शब्द ओळखीचाच होता, पण एकोणिसाव्या शतकात तो जगून बघणाऱ्या माणसाला काय काय सोसावं लागलं, हे मला आपल्याच बेळगावच्या एका माणसाकडून कळलं.

बाबा पदमनजींचा जन्म १८३१ साली बेळगावात झाला. इथल्या मिशनच्या शाळेत शिकून ते पुढे मुंबईला फ्री चर्चच्या शाळेत गेले. आपण त्यांना ओळखतो ते परीक्षेपुरतं: ‘यमुनापर्यटन’, १८५७, मराठीतली पहिली कादंबरी, विषय विधवांची स्थिती, दोन गुणांचा प्रश्न. त्यांचं आत्मचरित्र ‘अरुणोदय’ मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी उघडलं असेल. मीही या निमित्तानेच उघडलं.

त्यात मला अडवलं ते बाप्तिस्म्याने नव्हे, बाप्तिस्म्याच्या आधीच्या वर्षांनी. मुंबईत ते परमहंस सभेत जात होते. दादोबा पांडुरंगांच्या पुढाकाराने १८४९ च्या सुमारास सुरू झालेली ही सभा जातिभेद मानत नव्हती. आत येणाऱ्याने ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा, म्हणजे जात मोडल्याची खूण पटली. आज आपण बस स्टँडवर वडापाव खाताना तो कुणी भाजला हे विचारतही नाही, पण तेव्हा त्या एका घासाला वाळीत पडण्याची किंमत होती. म्हणून सगळं गुपचूप चालायचं. दार लावलं की सगळे समान, दार उघडून रस्त्यावर आलं की ज्याची त्याची जात ज्याच्या त्याच्या जागी. पुढे १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची वही चोरीला गेली. आपली नावं बाहेर फुटणार या धास्तीने सभा मोडली ती मोडलीच.

मला त्या लोकांना हसायचं नाही. त्यांना सत्य कळलं होतं आणि ते प्रामाणिक होते. पण वही चोरीला गेल्यावर जी मुक्ती संपते तिला मुक्ती म्हणायचं का, हा प्रश्न मला सोडेना. पदमनजींचंही बराच काळ तसंच चाललं होतं. मनाने ख्रिस्ताला मानायचं, आणि घरी मात्र घरासारखं वागायचं. विश्वास होता, सुटका नव्हती. आज्जीच्या भाषेत, सोडवून आणायची राहिली होती.

१८५४ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि तो बेळगावात. हे मला फार मोठं वाटतं. मुंबईत घेतला असता तर कोण बघणार होतं? पण जिथे प्रत्येक गल्लीत वडिलांना ओळखणारी माणसं, जिथे जातभाई, तिथेच त्यांनी उघडपणे पाऊल टाकलं. धर्म बदलल्याने वारसाहक्क जाऊ नये असा कायदा सरकारने १८५० मध्ये केला होता. कायद्याने वाटणी वाचली असेल, माणसं कशी वाचणार? त्यांची पत्नी त्यांच्याबरोबर आली नाही. ‘यमुनापर्यटन’ यानंतर तीन वर्षांनी आलं. विधवा झालेली यमुना पुढे बाप्तिस्मा घेते आणि पुन्हा लग्नही करते. आता ती कादंबरी वाचताना मला प्रचारापेक्षा लेखकाचं जळतं घर जास्त दिसतं.

सगळंच मला पटलं असं नाही. जुन्या धर्माबद्दल लिहिताना त्यांची लेखणी नको इतकी धारदार होते. माझ्या बाकावरची मैत्रीण दर एकादशीला उपवास करते. तिला ती पानं वाचून दाखवायला मला लाज वाटली असती. संत पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्राचा विषयच स्वातंत्र्य आहे, आणि तिथे तो बजावतो की या स्वातंत्र्याचा उपयोग प्रीतीने एकमेकांची सेवा करण्यासाठी करा. टोचून बोलण्याची मोकळीक त्यात मला तरी सापडत नाही.

इथे लक्ष्मीबाई टिळकांची आठवण येते. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई लगेच त्यांच्यामागे गेल्या नाहीत. पुढे एकत्र राहू लागल्यावरही सोवळं-ओवळं पाळत राहिल्या. मग एक दिवस विचार करता करता त्यांचं त्यांनाच उमगलं की जाती माणसाने केल्या, देवाने नव्हे, आणि कुणाच्याही हातचं पाणी त्यांना चालू लागलं. बाप्तिस्मा १९०० साली झाला. नवऱ्याची मुक्ती बायकोला आयती मिळत नाही, हे ‘स्मृतिचित्रे’ इतकं हसत खेळत सांगतात की आपण ते विनोद म्हणून वाचून पुढे जातो.

मी पुढे जाऊ शकले नाही, कारण मला सगळं आयतंच मिळालंय. आमच्या घरी बाप्तिस्मा घेतला तो आज्जीने. मला तान्ही असताना पाण्याजवळ नेलं. मोठेपणी मंडळीसमोर उभं राहून आपला विश्वास आपल्या तोंडाने कबूल करायचा असतो, ते मी दोन वर्षं पुढे ढकलतेय. कधी सेमिस्टर, कधी इंटरनल. खरं सांगायचं तर वर्गातल्यांनी काही म्हणू नये म्हणून. माझंही दार लावलेलंच होतं की. फक्त मला कुणी वाळीत टाकणार नव्हतं, एवढाच फरक.

गेल्या शनिवारी संकेश्वरमार्गे निपाणीला गेले तेव्हा आज्जीला पदमनजींची गोष्ट सांगितली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “गावातच घेतला व्हय बाप्तिस्मा?”

“गावातच.”

“मग धाडसाचा हुता.” आणि ती पुन्हा शेंगा सोलायला लागली.

दुसऱ्या दिवशी उपासना संपल्यावर मी पाळकांकडे नाव दिलं. तारीख ठरली की फळ्यावर लिहीन. एकादशीवाली मैत्रीण येते म्हणालीय.