आकडे पाठ, संख्या अनोळखी

साडेतीन वर्षांचे मूल पाहुण्यांसमोर एक ते शंभर आकडे न अडखळता म्हणते, तेव्हा आजी-आजोबांना धन्यता वाटते आणि ते स्वाभाविकही आहे. मात्र त्याच मुलाला 'मला पाच वाट्या आणून दे' असे सांगून पाहावे. पुष्कळदा ते हाताला लागतील तेवढ्या वाट्या उचलून आणते. यात त्याच्या बुद्धीचा दोष नाही. ओळीने आकडे म्हणणे ही एक प्रकारची कविता आहे. मोजताना शेवटी उच्चारलेला आकडा म्हणजे 'सगळ्या मिळून इतक्या' हे उमजणे ही निराळी गोष्ट आहे. आधी एक, मग दोन, मग तीन अशा पायऱ्या चढत ही समज बहुधा चौथ्या वर्षाच्या आसपास येते. मुलाच्या वजन-उंचीचा आलेख वयानुसार वाचणारे आपण, प्रवेशपरीक्षेच्या धास्तीने तीन वर्षांच्या बोटांत पेन्सिल देऊन त्याच्याकडून पानेच्या पाने गिरवून घेतो, याचे आश्चर्य वाटते.

लहान मुलाला काय येत नाही हे ठरवतानाही जपावे लागते. सोंगट्यांच्या दोन सारख्या रांगांपैकी एक रांग लांबवली की तिच्यात सोंगट्या अधिक आहेत असे मूल सांगते, हा पियाजे यांचा प्रयोग अनेकांच्या परिचयाचा असेल. मॅकगॅरिगल व डोनाल्डसन यांनी १९७४ साली त्यात छोटासा बदल केला. रांग मोठ्या माणसाने न हलवता एका खोडकर अस्वलाच्या बाहुल्याने 'विस्कटली'. तेव्हा चार ते सहा वर्षांची कितीतरी अधिक मुले बरोबर उत्तर देऊ लागली. मोठ्यांनी मुद्दाम काही केले आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला, तर उत्तर बदलणे अपेक्षित असावे असा मुलांचा समज होत असला पाहिजे. घरात 'नीट बघ, पुन्हा सांग' असे दरडावताना हे अस्वल आठवावे.

आपल्या भाषेची एक अडचणही लक्षात घेतली पाहिजे. आपण लिहितो २५, आधी दशक व मग एकक. बोलतो मात्र 'पंचवीस', म्हणजे आधी पाच! मूल ऐकले तसे लिहिते आणि ५२ होतात. 'एकोणतीस' मध्ये तर 'तीस' ऐकू येतात, पण लिहायचे असतात २९. कन्नड व तेलुगूत दशक आधी उच्चारतात, त्यामुळे त्या मुलांना हा उलटा प्रवास करावा लागत नाही. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असे वाचन आले, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला! समितीच्या अध्यक्षा, दिवंगत गणितज्ञ मंगला नारळीकर, यांनी मुलांची अडचण शांतपणे मांडली होती. थट्टेच्या गलबल्यात तिकडे थोड्यांचेच लक्ष गेले. आपल्या भोपाळच्या मराठी घरांत तर ही गुंतागुंत तिहेरी आहे. घरी 'एकोणनव्वद', शेजारी 'नवासी' आणि शाळेत 'एटी नाइन'. अशा मुलाला 'वीस आणि पाच, पंचवीस' असे दोन्ही म्हणून दाखवावे, दहा-दहा काड्यांच्या जुड्या बांधून द्याव्यात. मराठी नावे मागे पडणार नाहीत. उलट अर्थासह रुजतील.

साधनांसाठी खर्च लागत नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ पासून बोर्डीला माँटेसरी पद्धत महागड्या लाकडी साहित्यातून सोडवून परिसरातल्या बिया, शंख-शिंपले, काड्या, पाने यांवर उभी केली. इकडे मध्य प्रदेशात १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातील सोळा माध्यमिक शाळांत विज्ञान शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला. १९८२ साली स्थापन झालेल्या 'एकलव्य' संस्थेने तो पुढे नेला; तिचे कार्यालय अनेक वर्षे आपल्या अरेरा कॉलोनीतच होते. अरविंद गुप्ता १९७८ मध्ये या उपक्रमात आले आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी व आगकाड्या यांपासून त्यांनी त्रिकोण, चौकोन, घन उभे केले. शासनाने २००२ मध्ये हा कार्यक्रम बंद केला, ही खेदाची गोष्ट. गुप्ता यांची खेळणी मात्र देशभर पोहोचली.

येथे वैद्यकाचा एक इशारा आवश्यक आहे. चिंचोके, हरभरे, शेंगदाणे, मणी हे तीन वर्षांखालील मुलांच्या हाती मोजण्यासाठी देऊ नयेत. नाकात, कानात किंवा श्वासनलिकेत गेलेला दाणा काय करतो हे आपल्यातील कान-नाक-घसा तज्ज्ञांना विचारावे. बटाटे, वाट्या, चमचे, मोजे पुरेत. बटण-सेल असलेली खेळणी तर सर्वच लहानग्यांपासून दूर ठेवावीत.

तंत्रज्ञान म्हटले की आता भ्रमणध्वनी पुढे केला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन वर्षांखाली पडदा नकोच आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला फार तर एक तास, असे सांगितले. या वयाचे तंत्रज्ञान म्हणजे चिमटा, गाळणी, झाकण, विजेरी, तागडी. बादलीत लिंबू टाकण्यापूर्वी 'तरंगेल की बुडेल?' असे विचारावे आणि उत्तर चुकले तरी आपण सांगू नये. मग तेच लिंबू सोलून पुन्हा टाकावे. बहुधा ते आता बुडते आणि मूल सालीकडे पाहू लागते.