लढाई तेरा दिवसांची, जखम जन्माची



दरवर्षी ७ डिसेंबर जवळ आला की शाळेत ध्वजदिनाचा डबा फिरतो. डब्यात पैसे टाकले की छातीवर कागदाचे छोटे निशाण लावतात. यंदा आमच्या वर्गातल्या एका मुलाने उभे राहून विचारले, "गुरुजी, एकाहत्तरची लढाई तर आमच्या आज्याच्या वेळची. मग अजून दरसाल पैसे कशापायी?"

वर्ग हसला. गुरुजी मात्र रागावले नाहीत. म्हणाले, "प्रश्न चांगला आहे. उत्तर तुम्हीच शोधा." म्हणून आम्ही सातवीच्या मुलामुलींनी मिळून हा अभ्यास केला.

ध्वजदिन म्हणजे काय?

१९४९ साली देशाच्या संरक्षणमंत्र्यांच्या समितीने ठरविले की, दरवर्षी ७ डिसेंबरला लोकांना निशाणे द्यावीत व सैनिकांसाठी निधी गोळा करावा. निशाणावर तीन रंग असतात. लाल रंग भूदलाचा, गडद निळा नौदलाचा आणि फिकट निळा हवाई दलाचा. निधीचा उपयोग तीन कामांसाठी होतो : युद्धात जखमी झालेल्यांचे पुनर्वसन, सेवेत असलेले सैनिक व त्यांची कुटुंबे यांचे कल्याण, आणि माजी सैनिक व त्यांच्या घरच्यांना मदत. आपल्या डब्यातले पैसे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पुढे जातात.

मज्जारज्जूला इजा झाली तर?

आपल्या पाठीच्या कण्यातून मज्जारज्जू जातो. मेंदूचा निरोप तो हातापायांपर्यंत पोचवतो. गोळी लागून तो तुटला तर काय होते? विहिरीवरची मोटार चांगली आहे, वीजही आहे, पण मधली वायरच तुटली, तर पाणी येईल का? तसेच होते. पाय जागेवर असतात, पण हलत नाहीत. इजा मानेजवळ असेल तर हातही हलत नाहीत. वायर जोडता येते, मज्जारज्जू तसा जोडता येत नाही.

अशा माणसाला पायाला चटका बसला तरी कळत नाही. एकाच कुशीवर फार वेळ पडून राहिले तर कातडी दबून जखमा होतात. म्हणून साधारण दर दोन तासांनी त्याला कूस बदलून द्यावी लागते. दिवसा आणि रात्रीसुद्धा! हे कोण करते? आई करते, बायको करते, भाऊ करतो. मग त्या माणसाला रानात कामाला जाता येत नाही. म्हणजे गोळी एकाला लागते, पण बसते सगळ्या घराला.

फळ्यावरचे गणित

१९७१ चे युद्ध ३ डिसेंबरला सुरू झाले. १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. म्हणजे तेरा दिवस. समजा, त्यात २१ वर्षांचा एक जवान जखमी झाला. २०२१ साली तो ७१ वर्षांचा झाला. ५० वर्षांचे दिवस किती? ५० गुणिले ३६५ बरोबर १८,२५०. युद्ध तेरा दिवसांत संपले, पण त्याची जखम १८,२५० दिवस चालू राहिली. हे गणित मांडल्यावर वर्गात कोणी हसले नाही.

खडकीच्या दोन संस्था

पुण्याजवळ खडकीला या कामाच्या दोन जुन्या संस्था आहेत. पहिली, क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट. पहिल्या महायुद्धात अपंग झालेल्या हिंदी सैनिकांसाठी ती १९१७ साली मुंबईत निघाली व पुढे खडकीला आली. तिथे अपंग सैनिकांना नवे काम शिकवतात, म्हणजे त्यांना पुन्हा स्वतःच्या कमाईची भाकरी खाता येते.

दुसरी, पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर. ज्यांचे कमरेखालचे अंग लुळे पडले, अशा जवानांसाठी हे केंद्र १९७४ साली सुरू झाले. तिथले जवान चाकांच्या खुर्चीवर बसून बास्केटबॉल खेळतात. ज्यांचे हात चालत नाहीत, त्यांच्यापैकी काहींनी तोंडात कुंचला धरून चित्रे काढली आहेत. या संस्थांना लोकांच्या देणग्यांचा मोठा आधार असतो.

आधार मिळाला तर काय होते?

मुरलीकांत पेटकर हे आपल्या सांगली जिल्ह्यातले. सैन्यात ते बॉक्सिंग खेळत. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या व कमरेखालचे अंग निकामी झाले. उपचार म्हणून त्यांना पोहायला लावले. बाहेरच्या लोकांनीही हात दिला. क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेने परदेशी जाण्यासाठी तिकिटाची मदत केली. १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये पेटकरांनी ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक जिंकले. पॅरालिंपिकमधले भारताचे ते पहिले सुवर्णपदक. त्यांना पद्मश्री मात्र २०१८ साली मिळाली. जिंकल्यावर तब्बल ४६ वर्षांनी! आपण लवकर विसरतो, हे यावरून दिसते.

आम्ही काय शिकलो?

१. मदत एकदा करून भागत नाही. जखम जितकी वर्षे, तितकी वर्षे मदत पाहिजे. म्हणून डबा दरवर्षी फिरतो.
२. सर्वांनाच पदक मिळत नाही. जो नुसता अंथरुणावर आहे, त्याचाही हक्क तितकाच.
३. मदत फक्त पैशाचीच नसते. पुष्कळ घरी सैनिकाची आई किंवा विधवा पत्नी एकटी असते. सरकारी पत्र येते, पण वाचणार कोण? अर्ज भरणार कोण?

पालकहो, आपल्या वाडीवस्तीवर असे घर असेल तर त्यांना जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा रस्ता दाखवा. सैनिकाचे डिस्चार्ज पुस्तक जपून ठेवायला सांगा.

आम्ही मुलांनी ठरविले आहे की, अशा आजीचे पत्र आम्ही वाचून दाखवू. यंदाचे निशाण फेकायचे नाही, वहीच्या पहिल्या पानावर चिकटवायचे. पुढच्या ७ डिसेंबरपर्यंत ते रोज दिसले पाहिजे.

ज्याने प्रश्न विचारला होता, त्यानेच यंदा डबा धरायचे कबूल केले आहे.

— इयत्ता सातवीचा अभ्यासगट