घटक ४ : शिकारीची परिभाषा – शब्द आणि त्यांचे धनी

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण शेतीव्यवसायाशी निगडित शब्दसंपत्तीचा परिचय करून घेतला. या घटकात आपण अशा एका व्यवहाराकडे वळणार आहोत, जो आता कायद्याने बंद आहे. परंतु त्याची भाषा मात्र आपल्या तोंडी अजून नांदते आहे. तो व्यवहार म्हणजे शिकार.

हिवाळ्याच्या सुट्टीत आपल्यापैकी अनेकजण गावी जातील. पेठ वडगावच्या बाजारपेठेतून बाहेर पडून वारणेच्या खोऱ्याकडे निघालात, तर रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊसतोड चाललेली दिसेल. फडाचा शेवटचा तुकडा उरला की त्यात दडून राहिलेला ससा एकदम बाहेर पडतो. त्या क्षणी तोडकऱ्यांत जी आरोळी उठते तिच्याकडे कान द्या. ‘उठला रं!’, ‘आडवा हो!’ कोणाच्याही हाती बंदूक नसते, पुष्कळदा ससा निसटून जातो, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार त्याला मारणे हा गुन्हाही आहे. तरीही त्या आरोळीतील क्रियापदे शिकाऱ्यांची आहेत. रान ‘उठवायचे’, सावज ‘उठायचे’, माणसांनी ‘आडवे’ व्हायचे.

या क्रियेला मराठीत तीन नावे आहेत. ‘मृगया’ हा संस्कृत शब्द. तो पुराणांत आणि पंडिती काव्यात राजाच्या संदर्भात येतो. ‘शिकार’ हा फारसी शब्द दरबारी व्यवहारातून रुळला. ‘पारध’ हा शब्द प्राकृतातील ‘पारद्धि’पर्यंत मागे जातो आणि त्यावरूनच ‘पारधी’ हे जातिनाम झाले. अर्थ जवळजवळ एकच. परंतु करणारा बदलला की शब्द बदलतो. राजा मृगया करतो, सरदार शिकारीला जातो आणि पारधी पारध करतो. ‘शिकारी’ या शब्दाला काहीसा रुबाब आहे. ‘पारधी’ हा शब्द मात्र गावाच्या वेशीवर संशयाने उच्चारला गेला. या फरकाचे मूळ पाहण्यासाठी कोल्हापूर संस्थानासारखे उदाहरण दुसरे नाही.

राजर्षी शाहू महाराज (१८७४–१९२२) निष्णात शिकारी होते. त्यांच्या काळात व पुढे राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत कोल्हापूर ज्या शिकारीसाठी प्रसिद्ध झाले ती चित्त्याकरवी केलेली काळविटांची शिकार. ही पद्धत जुनी आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराने सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथातही तिचा उल्लेख येतो. चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी चढवून त्याला बैलगाडीतून माळावर नेत. काळविटांना शेतकऱ्याच्या गाडीची सवय असल्याने ते तिला बुजत नसत. गाडी पुरेशी जवळ गेली की टोपी काढली जाई. पुढचा सारा खेळ काही क्षणांचा. थोड्या अंतरात काळवीट हाती लागले नाही, तर चित्ता पाठलाग सोडून देई. सावज पडलेच, तर त्याला त्याचा वाटा चारून भुलवायचे आणि पुन्हा टोपी चढवायची, हे काम चित्तेवानाचे. पाहुणे पाहत ते धावणे; त्यामागची महिनोन्‌महिन्यांची शिकवणूक कोणी पाहत नसे.

त्या काळी चित्ता बंदिवासात जवळजवळ प्रजनन करीत नसे. त्यामुळे प्रत्येक नवा चित्ता रानातूनच धरून आणावा लागे. भारतातील चित्ते विरळ झाले तेव्हा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोल्हापूर व भावनगर या संस्थानांनी आफ्रिकेतून चित्ते मागवले. १९५२ मध्ये हा प्राणी भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले आणि २०२२ मध्ये मध्य प्रदेशातील कुनो येथे आफ्रिकेतूनच तो पुन्हा आणण्यात आला. ‘चित्ता’ हे नाव ठिपकेदार या अर्थाच्या संस्कृत ‘चित्रक’वरून आलेले, इंग्रजीने ते आपल्याकडून घेतले. प्राणी परदेशातून आणावा लागला, शब्द मात्र येथलाच होता.

आता रानात उतरून काम करणाऱ्यांची भाषा पाहू. पारध्यांतील पोटशाखांची नावे म्हणजे शिकारतंत्राची एक यादीच आहे. फासे लावणारे ते फासेपारधी. शिकवलेल्या गाईच्या वा बैलाच्या आडोशाने सावजाजवळ सरकणारे ते गायपारधी. चित्ता बाळगणारे ते चित्तापारधी. ‘वाघूर’ हा शब्द संस्कृत ‘वागुरा’ म्हणजे हरणे पकडण्याचे जाळे, यावरून आला. तोच शब्द धनगर बांधव मेंढ्या रात्री कोंडण्याच्या जाळ्यासाठी वापरतात. पकडण्याचे साधन राखण्याचे साधन झाले. हा अर्थविस्तार परीक्षेसाठीही ध्यानात ठेवावा. ‘सावज’ची कथा याहून विलक्षण आहे. व्युत्पत्तिकार तो ‘श्वापद’पासून आल्याचे मानतात. संस्कृतात श्वापद म्हणजे हिंस्र पशू, मारणारा. मराठीत येईपर्यंत तो मारला जाणारा ठरला. आज वृत्तपत्रांत ‘ऑनलाइन फसवणुकीचे सावज’ असे आपण वाचतो, तेव्हा त्या पशूची आठवण कोणालाही राहिलेली नसते.

‘सत्तेची साठमारी’ हा शब्दप्रयोगही आपण रोज वाचतो. साठमारी हा हत्तीला डिवचून त्याच्यापुढे धावण्याचा संस्थानी खेळ. कोल्हापूर शहरात त्याचे मैदान होते आणि त्या जागेला आजही साठमारी म्हणतात. राजकारणावर लिहिणाऱ्या किती पत्रकारांना हा हत्ती ठाऊक असेल, अशी मला शंका आहे.

येथे एका प्रश्नाशी थांबणे आवश्यक आहे. संस्थानिकांची शिकार हा पराक्रम आणि पाहुणचार होता. त्याच काळात, १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यान्वये, ब्रिटिश हिंदुस्थानात पारध्यांच्या अनेक गटांवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का बसला. शाहू महाराजांनी फासेपारध्यांना सोनतळी येथे आसरा व काम दिले, तसेच १९१८ मध्ये आपल्या संस्थानात महार, मांग, रामोशी व बेरड या जातींवरील हजेरीची सक्ती बंद केली. हा त्यांचा मोठेपणा निर्विवाद आहे. परंतु शिक्का देशभर पुसला जाण्यास १९५२ साल उजाडावे लागले. पुढे १९७२ च्या कायद्याने रान वाचवण्याचा योग्य प्रयत्न झाला; त्यात पारध्यांची उपजीविका मात्र गेली. राजेलोकांचे शिकारीचे रान तेवढे नाव बदलून टिकले. दाजीपूरचे राखीव रान १९५८ मध्ये अभयारण्य झाले.

इंग्लंडमध्ये नाताळच्या दुसऱ्या दिवशी घोडेस्वार व शिकारी कुत्र्यांचा मेळा गावागावांत जमतो. २००४ च्या कायद्याने तेथे कुत्र्यांकरवी कोल्हा मारण्यास बंदी आली, तरी लोक जमतातच. कुत्री मुद्दाम सोडलेल्या वासामागे धावतात. आपल्याकडेही काही जत्रांत कुत्र्यांच्या शर्यतींत खोटा ससा ओढला जातो. सावज उरले नाही, पाठलाग उरला. मात्र तेथल्या मेळ्याची वर्णने कादंबऱ्यांतून व चित्रांतून विपुल झाली. आपल्या हाकेकऱ्यांची आणि चित्तेवानांची भाषा बहुतांशी तोंडीच राहिली. मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून वावरताना रानात राहणाऱ्यांकडून असे शब्द वेचले, हा मोलाचा अपवाद.

व्यवहारपाठ : सुट्टीत आपल्या परिसरातील वयस्क मंडळींकडून शिकार, रान, जाळी व कुत्री यांसंबंधीचे किमान वीस शब्द जमवा. प्रत्येक शब्दापुढे तो कोणी सांगितला हे व्यवसायानुसार लिहा : शेतकरी, धनगर, तोडकरी, पारधी. व्यक्तीचे नाव लिहू नये. एकाच वस्तूला दोघांनी दोन शब्द सांगितले, तर दोन्ही ठेवा; प्रमाण रूप कोणते याचा निवाडा आपण करू नये. ‘वाघूर’, ‘वाघर’, ‘वागुर’ ही रूपे जशी ऐकू येतील तशीच नोंदवा. प्रत्यक्ष शिकारीत सहभागी होऊ नये, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी. आणि पारधी वस्तीवर गेलात, तर वही उघडण्यापूर्वी ती कशासाठी आहे हे सांगा व संमती घ्या. तेथल्या वृद्धांना वही माहीत आहे ती पोलिसांच्या हजेरीची.