मंजुरीनंतरचे कागद

माझ्या मुलाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. तो चालत नाही आणि त्याचं बोलणं फक्त घरच्यांनाच कळतं. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा त्याचा पगार (आमच्याकडे सगळे पगारच म्हणतात) सुरू झाला तेव्हा मोठं ओझं उतरल्यासारखं वाटलं होतं. नंतर तो मध्येच बंद पडला. तेव्हा कळलं की अनुदान मंजूर करून घेण्यापेक्षा ते चालू ठेवणं जास्त जिकिरीचं आहे. फुलंब्री तालुक्यात ज्यांच्या घरी असं लेकरू आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

झालं असं. गावात बँकेची खाती काढून देणारा एक माणूस आला होता. शून्य शिल्लक, एटीएम कार्ड फुकट. मुलाच्या बोटांचे ठसे मशीनवर नीट उमटत नाहीत, म्हणून त्याने डोळ्यांचं स्कॅन घेतलं आणि खातं उघडलं. त्याच वेळी सरकारी अनुदान याच खात्यात यावं अशी संमतीही नोंदवून टाकली. आम्हाला त्यातलं काही सांगितलं नाही. पुढे जुनं पासबुक भरून आणलं, तर त्यात हप्ताच नाही. महिन्यामागून महिना कोरा. तहसीलमध्ये चौकशी केली तेव्हा तिथल्या ताईंनी संगणकावर पाहून सांगितलं, "मावशी, पैसे तर गेलेत. खातं दुसरं दिसतंय."

पूर्वी तहसीलमधून लाभार्थ्यांची यादी बँकेत जायची. आता अनुदान डीबीटीने येतं, म्हणजे आधार क्रमांकावर सोडलं जातं. एका माणसाच्या चार खात्यांना आधार जोडलेलं असू शकतं, पण अनुदान उतरतं त्यातल्या एकाच खात्यात, ज्याची संमती सगळ्यात शेवटी दिली असेल त्या. त्यामुळे बँकेत जाऊन "आधार लिंक आहे का?" एवढंच विचारू नका. तिथून "हो" असंच उत्तर येईल आणि ते खोटंही नसेल. "डीबीटीसाठी कोणतं खातं जोडलेलं आहे?" असं विचारा. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ उघडलं की बँकेचं नाव दिसतं. त्यासाठी ओटीपी लागतो, म्हणून लेकराच्या आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू ठेवा. आमचे पैसे बुडाले नाहीत, त्या दुसऱ्या खात्यात पडून होते. पण तोवर औषधं उधारीवर आणावी लागली. दिव्यांग माणसाचं नवीन खातं कुणी कितीही आग्रह केला तरी गरज असल्याशिवाय काढू देऊ नका. संमतीचा कागद वाचून घेतल्याशिवाय अंगठा नाही आणि डोळाही नाही.

ज्यांचा अर्ज अजून व्हायचा आहे, त्यांनी आधी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र हातात घ्यावं. स्वावलंबन पोर्टलवर नोंदणी करून रुग्णालय निवडायचं आणि तिथल्या बोर्डाच्या दिवशी तपासणीला जायचं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. आधीच्या 1995 च्या कायद्यात सातच होते. थॅलेसेमिया, सिकलसेल, पार्किन्सन हेही आता त्यात येतात, आणि तरी अशा कित्येक घरांना आपण यात बसतो हेच माहीत नसतं. योजनेसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागतं. टक्केवारी पटली नाही तर त्याच कायद्यात अपिलाची सोय आहे. फुलंब्रीहून चौका, हर्सूल करत संभाजीनगरला जायचं म्हणजे चालता न येणाऱ्या लेकरासाठी गाडी करावी लागते आणि घरातल्या दोघांची मजुरी बुडते. म्हणून आधीची सगळी डॉक्टरी चिठ्ठीचपाटी, अगदी जन्माच्या वेळच्या डिस्चार्ज कार्डासकट, बरोबर न्या. प्रमाणपत्र मिळालं की त्यावर ‘तात्पुरते’ लिहिलंय का ते तिथेच बघा. लहान मुलांना बऱ्याचदा मुदतीचं प्रमाणपत्र मिळतं. मुदत संपली की अनुदानाचा आधारच जातो, म्हणून ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि दोन-तीन महिने आधी हालचाल करा.

उत्पन्नाची अट मला आजही अन्यायाची वाटते. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 50 हजार रुपये आहे, म्हणजे महिन्याला 4,200 च्याही आत. नवरा-बायको दोघं वर्षभर कापूस वेचायला आणि अद्रक काढायला गेली तरी हा आकडा ओलांडतो. अनुदान मात्र 1,000 वरून जुलै 2023 पासून 1,500 झालं आणि ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांगांना 2,500. वाढ झाली हे चांगलंच, पण डायपर, फिजिओथेरपी आणि झटक्यांच्या गोळ्या यांचा हिशेब मांडला तर ती रक्कम महिना निम्मा होण्याआधीच संपते.

अर्ज दिल्यावर पोच घ्या, सही-शिक्क्याची. "पोच कशाला, आपलेच आहेत" असं कुणी म्हणालं तरी घ्या. पहिल्या हप्त्यातला वाटा मागणाऱ्याला दारात उभं करू नका, हा अर्ज स्वतः करता येतो. अर्जाचं काय झालं ते कळत नसेल तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीचा अधिकार वापरा, 30 दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. लेकरू नेण्यासारखं नसेल तर घरी येऊन पडताळणी करण्याची विनंती लेखी करा.

मुलगा अठरा वर्षांचा होतो तिथे मात्र बहुतेक आईबाप अडकतात. कायद्याने तो सज्ञान होतो आणि आपण आपोआप त्याचे पालक उरत नाही. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी 1999 चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालकत्वाचं प्रमाणपत्र देते. खातं चालवायला ते दाखवावं लागतं. अठरावा वाढदिवस जवळ आला की कागद जमवायला लागा. माझ्यानंतर त्याचं कोण, हा प्रश्न प्रत्येक आईच्या पोटात असतो, आणि या अर्जात भाऊ किंवा काका यांच्याही नावाचा विचार होऊ शकतो. म्हणून घरात बसून ते आधीच बोलून घ्या. याच न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना आहे, तिच्यात वर्षाला एक लाखापर्यंतचा खर्च मिळतो. नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं.

आणि ग्रामपंचायत. स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असा शासनाचा 2018 चा निर्णय आहे. हे उत्पन्न घरपट्टी-पाणीपट्टीचं, त्यामुळे लहान गावात रक्कम छोटीच निघते. पण ती मागितल्याशिवाय मिळत नाही. गावातल्या दिव्यांगांच्या घरांनी मिळून एकच अर्ज ग्रामसेवकांकडे द्यावा, ग्रामसभेत तो वाचायला लावावा, आणि गेल्या वर्षी किती निधी होता व तो कशावर खर्च झाला याची नोंद इतिवृत्तात घ्यायला सांगावी.